पूर्णेकाठचे स्वातंत्र्य आणि पॅरिसमधली तक्रार

15 ऑगस्ट 1947 च्या सकाळी पैनगंगेच्या उत्तरेला, वाशीम-पुसदच्या मुलखात, सरकारी कचेऱ्यांवर तिरंगा चढला. नदी ओलांडून दक्षिणेला आले की हिंगोली, औंढा नागनाथ, सिद्धेश्वर, वसमत लागायचे. तिथे त्याच दिवशी तिरंगा लावणे हा गुन्हा होता. वऱ्हाडातून मराठवाड्यात येताना करोडगिरीचा नाका लागे. कलदार रुपया मागे राही आणि हाली सिक्का सुरू होई. फलकांवरची भाषा आणि न्यायालयाची भाषा उर्दू होई. दोन्ही काठांवर मराठीच बोलली जात होती, सोयरिकी दोन्हीकडे होत होत्या, पण कायद्याच्या नजरेत एक काठ स्वतंत्र भारतात होता आणि दुसरा नव्हता.

सिद्धेश्वर तेव्हा पूर्णेकाठचे एक गाव होते. धरण पुढे, मराठवाडा महाराष्ट्रात आल्यानंतर पूर्ण झाले. हिंगोली हा जिल्हाही नव्हता, तो झाला 1 मे 1999 ला. हा सगळा भाग परभणी जिल्ह्यात आणि परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. हे गाव, हा तालुका एका आंतरराष्ट्रीय वादाचा भाग होता आणि त्या वादाची सुनावणी पॅरिसमध्ये झाली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. मुक्तिसंग्रामाची गोष्ट आपण रझाकारांपासून सुरू करतो आणि 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनावर संपवतो. ती त्याआधी सुरू होते आणि त्यानंतर बरीच वर्षे चालते.

हैदराबाद हे लहानसहान संस्थान नव्हते. 82,000 चौरस मैलांहून अधिक मुलूख, 16 जिल्हे, 1941 च्या जनगणनेप्रमाणे 1 कोटी 63 लाख लोकवस्ती. निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलत, चौथा हिस्सा मराठी आणि उरलेल्यांत कन्नड व उर्दू भाषक. 100 पैकी 85 च्या घरात प्रजा हिंदू होती. सत्ता, सैन्य आणि वरच्या नोकऱ्या मात्र बहुतांशी मुसलमान उमरावांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हाती होत्या. संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, नाणे होते, टपाल होते. उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून चाले. सातवा निजाम मीर उस्मान अली खान जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाई.

या वैभवामुळे एक भ्रम पोसला गेला. ब्रिटिशांशी झालेल्या तहांच्या जोरावर आपण त्यांच्या बरोबरीचे आहोत, असे निजामाला वाटे. ब्रिटिशांकडून वऱ्हाड परत मागताना त्याने ते बोलूनही दाखवले. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने मार्च 1926 च्या पत्रात त्याला स्पष्ट सुनावले, की ब्रिटिश राजसत्तेचे श्रेष्ठत्व कोणत्याही तहावर अवलंबून नाही आणि कोणताही संस्थानिक बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. ते पत्र निजामाने मनाला लावून घेतले. पुढे 22 वर्षांनी हैदराबाद हे सार्वभौम राज्य होते का, हा प्रश्न जगापुढे आला, तेव्हा उत्तराची मुळे याच पत्रव्यवहारात होती.

प्रजेच्या बाजूने जाग 1930 च्या दशकात आली. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. 1938 मध्ये स्टेट काँग्रेसची स्थापना होण्याच्या बेतात असतानाच तिच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटले म्हणून वसतिगृहांतून काढलेल्या विद्यार्थ्यांची चळवळ पेटली. कित्येकांनी नागपूर विद्यापीठात जाऊन शिक्षण पूर्ण केले. या सगळ्यातून एक नेतृत्व उभे राहिले. विजापूर जिल्ह्यात जन्मलेले, हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवलेले, संन्यास घेतलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. भारतात विलीन व्हायचे की नाही हा प्रश्न तेव्हा निघालाच नव्हता.

दुसरीकडे 1927 मध्ये स्थापन झालेली इत्तेहादुल मुसलमीन होती. संस्थानात सार्वभौमत्व मुसलमान समाजाचे आहे आणि निजाम हे त्याचे प्रतीक, असा तिचा सिद्धान्त होता. बहादूर यार जंगच्या काळात तो भाषणांतून मांडला गेला. 1944 मध्ये तो वारला आणि 1946 मध्ये सूत्रे लातूरचा वकील कासिम रझवी याच्याकडे गेली. त्याने त्याच सिद्धान्ताला हत्यारबंद स्वयंसेवक दिले, तेच रझाकार. निजामाची महत्त्वाकांक्षा आणि इत्तेहादची विचारसरणी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. निजामाला सिंहासन टिकवायचे होते, इत्तेहादला एका समाजाचे राज्य. 1947 मध्ये दोघांना एकमेकांची गरज पडली आणि तिथून माघारीची वाट बंद झाली.

जून 1947 मध्ये फाळणीची योजना जाहीर होताच निजामाने फर्मान काढले, की हैदराबाद कोणत्याही घटना समितीत प्रतिनिधी पाठवणार नाही. ब्रिटिश निघून गेले की ते स्वतंत्र होईल. या स्वातंत्र्याला समुद्र नव्हता. म्हणून पोर्तुगिजांकडून गोव्यातले मुरगाव बंदर वापरायला मिळावे यासाठी खटपट झाली. सल्ल्याला वॉल्टर मॉन्क्टन हे लंडनचे नामांकित वकील होते. मॉन्क्टन शहाणा गृहस्थ होता, तडजोड करा असेच तो सांगत राहिला. ऑक्टोबर 1947 च्या अखेरीस भारताबरोबरच्या कराराचा मसुदा घेऊन शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, त्याच पहाटे रझवीच्या जमावाने मॉन्क्टन आणि दिवाण छत्तारीच्या नवाबांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ गेले नाही, छत्तारी पायउतार झाले. 29 नोव्हेंबरला एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला खरा, पण त्यानंतर दिवाण झाला मीर लायक अली. हा माणूस काही महिन्यांपूर्वी संयुक्त राष्ट्रसंघात पाकिस्तानच्या शिष्टमंडळात होता.

कराराची शाई वाळते न वाळते तोच हैदराबादने पाकिस्तानला 20 कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात दिले. भारताने संस्थानाभोवती आर्थिक कोंडी आवळली. ती कराराला धरून आहे का, यावर दोन्ही बाजूंनी कागदांचे ढीग झाले. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानांतून शस्त्रे आणून बीदर-वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवू लागला. ब्रिटिश संसदेत विरोधी बाकांवरून चर्चिल हैदराबादच्या बाजूने बोलले. माउंटबॅटननी जाण्यापूर्वी, जून 1948 मध्ये, निजामाला बऱ्याच सवलती देणारा शेवटचा मसुदा पुढे केला. दिल्लीने नाखुशीने का होईना तो मान्य केला. निजामाने नाकारला. माझ्या मते हीच त्या वर्षातली सर्वांत मोठी चूक होती, आणि तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांत निजाम सर्वांत शेवटी येतो.

या सगळ्या काळात गावांत काय चालले होते? स्टेट काँग्रेसवरची बंदी 1946 मध्ये उठली होती. 7 ऑगस्ट 1947 ला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला गेला, 15 ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. मग कार्यकर्ते सीमेपलीकडे गेले. हिंगोली-नांदेडच्या लोकांसाठी सीमेपलीकडे म्हणजे वऱ्हाड. उमरखेडला छावणी होती. सोलापूर, अहमदनगर, चांदा या बाजूंनाही अशाच छावण्या होत्या. तिथून येऊन करोडगिरीचे नाके जाळायचे, शिंदीची झाडे तोडायची, लेव्हीचे धान्य द्यायचे नाही असे गावोगाव सांगायचे, पोलीस ठाण्यांवर हल्ले करायचे. शिंदी तोडणे आज विचित्र वाटेल, पण अबकारी उत्पन्न हा निजामाच्या तिजोरीचा मोठा आधार होता. जानेवारी 1948 मध्ये नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्याला वापरला गेला. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय त्यांच्या नावाने आहे.

उलट बाजूने रझाकारी होती. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आजही तो एका काळाचा शब्द आहे, ‘रझाकारीत आम्ही वऱ्हाडात होतो’ असे ते सांगतात. गाव सोडून, दाणागोटा पुरून, गुरे बरोबर घेऊन पैनगंगेपलीकडे गेलेली कुटुंबे या भागात घरोघर सापडतील. मे 1948 मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याला, ऑगस्टमध्ये तेलंगणातल्या भैरनपल्लीला सामूहिक हत्याकांडे झाली. तेलंगणात कम्युनिस्टांचा जमीनदारांविरुद्धचा सशस्त्र लढा 1946 पासून चालूच होता, त्यामुळे तिथल्या गावांची कोंडी आणखी वेगळी होती.

21 ऑगस्ट 1948 हा दिवस मला या सगळ्या कहाणीचा कणा वाटतो. त्या दिवशी हैदराबाद सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेला तार केली, की भारत आम्हाला धमकावतो आहे, आमची कोंडी करतो आहे, आंतरराष्ट्रीय शांततेला धोका आहे. त्याच रात्री हैदराबाद शहरात ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याला घराजवळ गाठून मारण्यात आले. लेखणी धरणारा हात तोडण्यात आला. त्याचा अपराध इतकाच, की संस्थानाने भारतात सामील व्हावे असे तो लिहीत होता आणि रझाकारांना विरोध करत होता. जगापुढे न्याय मागणाऱ्या राजवटीच्या राजधानीत, तिच्याच धर्माच्या एका पत्रकाराला मत मांडता येत नव्हते. हैदराबादच्या तारेत जनतेच्या नावाने जे मागितले होते, ते जनतेला विचारले गेले नव्हते, आणि ज्यांनी आपण होऊन सांगितले त्यांचे असे झाले.

दिल्लीला ती तार नुसती तार वाटली नाही. 1 जानेवारी 1948 ला काश्मीरचा प्रश्न भारतानेच सुरक्षा परिषदेत नेला होता आणि तिथे काय होते याचा कटू अनुभव घेतला होता. आक्रमणाची तक्रार करायला गेलेला भारत बरोबरीचा पक्षकार होऊन बसला. हैदराबाद त्याच टेबलावर गेले आणि तिथे रेंगाळले, तर भारताच्या पोटात दुसरे काश्मीर तयार होईल, ही धास्ती सरदार पटेलांना होती. ती अवाजवी होती असे मला वाटत नाही. 11 सप्टेंबरला जीना वारले. 13 सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या.

मुख्य चढाई सोलापूरकडून, मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली झाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. वायव्येकडून दौलताबाद, औरंगाबाद, जालना घेत दुसरी फळी परभणीच्या दिशेने सरकली. पूर्वेकडून बेजवाड्याच्या बाजूनेही सैन्य आले. निजामाच्या नियमित फौजेने फार प्रतिकार केला नाही. रझाकारांनी काही ठिकाणी केला आणि ते मोठ्या संख्येने मेले. जेमतेम पाच दिवसांत सारे संपले. 17 तारखेला लायक अलीने राजीनामा दिला, संध्याकाळी निजाम रेडिओवर बोलला. 18 ला सेनापती अल इद्रूसने चौधरींपुढे शरणागती पत्करली.

पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद बसली ती 16 सप्टेंबरला, म्हणजे लढाई संपायला एक दिवस उरला असताना. अध्यक्षपदी ब्रिटनचे अलेक्झांडर कॅडोगन. हैदराबादकडून मोईन नवाज जंग, भारताकडून रामस्वामी मुदलियार. भारताचा आक्षेप मुळावरच होता. हैदराबाद आंतरराष्ट्रीय कायद्याने कधीच राज्य नव्हते, त्याला इथे येण्याचा अधिकार नाही, हा भारताचा अंतर्गत मामला आहे. म्हणून तर लष्करी कारवाईला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले गेले. युद्ध दोन देशांत होते, पोलीस आपल्या हद्दीत जातात. तरीही विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा या बाजूने 8 मते पडली. विरोधात एकही नाही. सोव्हिएत संघ, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. ज्या प्रश्नाचा निकाल रणांगणावर लागतच आला होता, तो जगाच्या पटलावर अधिकृतपणे दाखल झाला.

काही दिवसांत निजामाने स्वतः तार करून तक्रार मागे घेतली. त्यावर पाकिस्तानचे म्हणणे असे, की निजाम कैदेत आहे, त्याच्या सहीला अर्थ नाही. मे 1949 मध्ये सुरक्षा परिषदेत पुन्हा चर्चा झाली आणि तिथेच थांबली. निर्णय कधी झालाच नाही. परिषद ज्या बाबींची दखल घेऊन आहे त्यांच्या यादीत ‘हैदराबादचा प्रश्न’ पुढे अनेक दशके राहिला. कोणी वाचत नसले तरी ती ओळ दोन देशांच्या परस्परांविषयीच्या आठवणीचा भाग झाली. पाकिस्तानच्या कथनात हैदराबाद ही बळाने गिळलेली रियासत आहे, भारताच्या कथनात ते एकसंध देशाचे अखेरचे मोठे पाऊल आहे. जुनागढ आणि काश्मीर या संस्थानांशी हे नाव जोडून दोन्ही बाजूंनी आपापला न्याय मांडला जातो. जुनागढमध्ये प्रजा बघा म्हणणारा भारत काश्मीरमध्ये राजाची सही दाखवतो, अशी पाकिस्तानची टीका. काश्मीरमध्ये प्रजा बघा म्हणणारा पाकिस्तान हैदराबादमध्ये मात्र निजामाचे सार्वभौमत्व सांगतो, हे भारताचे उत्तर. या उत्तरात तथ्य आहे.

सप्टेंबर 1948 मध्येच आणखी एक कागद हलला होता. मोईन नवाज जंगने हैदराबाद सरकारच्या लंडनमधल्या खात्यातून 10,07,940 पौंड आणि 9 शिलिंग पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या नावावर वळते केले. निजामाने लगेच पैसे परत मागितले. बँकेने दोघांनाही दिले नाहीत. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 1957 मध्ये पाकिस्तान सार्वभौम देश आहे, त्याच्यावर खटला चालत नाही, या मुद्द्यावर अडकला. ती रक्कम गोठली आणि व्याजाने वाढत राहिली. 2013 मध्ये पाकिस्तानने आपण होऊन दावा लावला, तेव्हा ते संरक्षण गेले. 2 ऑक्टोबर 2019 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला, की पैसा पाकिस्तानचा नाही. शस्त्रांच्या मोबदल्यात तो दिला होता हे म्हणणेही टिकले नाही. साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास पोचलेली ती रक्कम भारत आणि निजामाचे वारस यांच्या वाट्याला आली.

1948 ची एक बाब अशी, 71 वर्षांनी का होईना, कागदोपत्री मिटली. दुसरी मिटलेली नाही, आणि ती मराठवाड्याच्या अगदी दारातली आहे.

फौजा पुढे सरकल्या त्यांच्या मागोमाग गावोगाव सूड उगवला गेला. रझाकारांत नसलेले, शेती-विणकाम करणारे मुसलमान त्यात मारले गेले, घरे लुटली गेली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती पाठवली. 1948 च्या अखेरीस ती 16 पैकी 9 जिल्ह्यांत फिरली. तिच्या अंदाजाने मृतांची संख्या किमान 27,000 ते 40,000 होती. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेड धरले, उरलेले दोन गुलबर्गा आणि बीदर. काही ठिकाणी सैनिक आणि पोलिसांचाही हात असल्याचे तिने लिहिले, आणि अनेक गावांत हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजारी वाचवल्याचेही लिहिले. सरदारांना अहवाल एकांगी वाटला, त्यांनी तो मानला नाही. तो प्रसिद्ध झाला नाही. पूर्ण मजकूर सामान्य वाचकापर्यंत पोचायला सहा दशकांहून अधिक काळ गेला.

अहवाल दडवण्यामागचे तेव्हाचे कारण समजू शकते. सुरक्षा परिषदेत विषय जिवंत होता, पाकिस्तान संधीच शोधत होता, आणि अशा वेळी आपल्याच समितीचा असा कागद बाहेर पडणे सरकारला परवडणारे नव्हते. पण 1949 नंतर तो धोका उरला नाही आणि मौन मात्र राहिले. त्या मौनाने दोन नुकसाने केली. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांचे दुःख कोणाच्याच इतिहासात आले नाही. आणि मुक्तिसंग्रामाची, जी मुळात जबाबदार राज्यपद्धतीसाठीची लढाई होती, ज्यात शोएबुल्ला खानही होता, तिची आठवण हळूहळू दोन धर्मांच्या झुंजीच्या साच्यात बसू लागली. शोएबुल्लाचा खून आणि उस्मानाबादची हत्याकांडे एकाच इतिहासात मावतात, मावली पाहिजेत. एक सांगितल्याने दुसरे खोटे ठरत नाही.

राजकारणाने या आठवणीला निरनिराळे रंग दिले. महाराष्ट्रात 17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. नांदेडचे विद्यापीठ 1994 मध्ये त्याच दिवशी स्थापन झाले आणि त्याला स्वामीजींचे नाव दिले गेले. कर्नाटकाने 2019 नंतर आपल्या भागात तो दिवस कल्याण कर्नाटक उत्सव म्हणून साजरा केला. तेलंगणात 2022 मध्ये राज्य सरकारचा राष्ट्रीय एकात्मता दिन आणि केंद्राचा हैदराबाद मुक्ती दिन एकाच शहरात वेगवेगळ्या मैदानांवर झाले. मराठवाड्यात या दिवसावरून असा वाद झाला नाही, याचे श्रेय मला त्या पिढीच्या लेखकांना द्यावेसे वाटते. अनंत भालेरावांनी स्वतः लढलेल्या संग्रामाचा इतिहास 1987 मध्ये पुस्तकरूपाने दिला. नरहर कुरुंदकर, जन्म नांदापूरचा, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातला, पोलीस ॲक्शनच्या वेळी 16 वर्षांचे होते. हैदराबादच्या प्रश्नावर ते पुढे आयुष्यभर विचार करत, लिहीत राहिले. जे डोळ्यांसमोर घडले त्याची कारणे शोधण्याची सवय या लोकांनी आपल्या वाचकांना लावली.

कासिम रझवी 1957 पर्यंत तुरुंगात होता, सुटल्यावर पाकिस्तानात गेला आणि 1970 मध्ये कराचीत वारला. लायक अली नजरकैदेतून 1950 मध्येच निसटून तिकडे पोचला होता आणि त्याने आपली बाजू सांगणारे पुस्तक लिहिले. निजाम भारतात राजप्रमुख झाला, 1967 मध्ये वारला. 1956 मध्ये हैदराबाद राज्यच उरले नाही, मराठवाडा आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. पैनगंगेवरची सरहद्द पुसली गेली. ज्यांनी ती रातोरात ओलांडली, ज्यांच्या घरातले कोणी सप्टेंबर 1948 मध्ये परतलेच नाही, अशा दोन्ही धर्मांच्या कुटुंबांची साक्ष पॅरिसच्या टेबलावर झाली नव्हती आणि लंडनच्या न्यायालयातही झाली नाही. त्या पिढीतले बोलू शकणारे लोक हिंगोली, नांदेड, परभणीच्या गावांत आता फार थोडे उरले आहेत. त्यांचे सांगणे लिहून घेण्याचे काम महाविद्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी येत्या काही वर्षांतच करायला हवे.